एका कंपनीच्या क्लबने ट्रॅकवर इतर कंपन्यांच्या गाड्या घ्याव्यात का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी सदस्याने हा प्रश्न विचारला आहे. पोर्शे मालकांच्या क्लबच्या एका विभागाच्या कार्यकारिणीवर ते यंदाच निवडून आले आहेत. विभागाने न्यूयॉर्क राज्यातला वॉटकिन्स ग्लेनचा ट्रॅक चालवणे शिकण्याच्या कार्यक्रमासाठी दोन दिवस ठरवला आहे, पण जागा भरत नाहीत, आणि बैठकीत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे आहे की उरलेल्या जागा इतर कंपन्यांच्या गाड्यांना द्याव्यात. दुसऱ्या गटाला, त्यात बहुतेक जुने सदस्य आहेत, ही कल्पनाच मान्य नाही. मी अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ट्रॅकवर बावीस वर्षे इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवतो आहे आणि त्यातली नऊ वर्षे एका क्लबसाठी गाड्यांच्या तपासणीची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून त्यांनी माझे मत मागितले आहे. माझे मत असे की इतर गाड्यांना प्रवेश अवश्य द्यावा. मात्र रिकाम्या जागा भरणे हे त्याचे कारण असू नये, आणि क्लबच्या अंगी ज्या गाडीचे ज्ञान नाही अशी गाडी ते ज्ञान मिळवल्याशिवाय ट्रॅकवर सोडू नये.

आधी हा कार्यक्रम नेमका कसला आहे हे स्पष्ट करतो, कारण वादातला निम्मा गोंधळ तिथेच आहे. ही शर्यत नसते. वेळ मोजली जात नाही, क्रमांक लागत नाही, बक्षीस नसते. चालकांचे अनुभवानुसार गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला साधारण वीस ते तीस मिनिटांची फेरी मिळते, आणि नवशिक्याच्या शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो. पुढच्या गाडीने हात बाहेर काढून खूण केल्याखेरीज, आणि तेही ठरवून दिलेल्या भागाखेरीज, कोणी कोणाला ओलांडायचे नसते. या खुणेला इथे सगळे पॉइंट-बाय म्हणतात. शर्यतीत एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या गाड्या ठेवण्याला भक्कम कारण असते: सगळ्यांच्या हाती सारखे यंत्र असले म्हणजे जिंकणारा चालकाच्या कौशल्यावर जिंकतो. पोर्शेचीच करेरा कप मालिका त्या तत्त्वावर चालते. शिकण्याच्या कार्यक्रमात मात्र कोणाची तुलना कोणाशी करायचीच नसते, त्यामुळे शर्यतीतला हा युक्तिवाद इथे आणणे चुकीचे आहे. आपल्या बैठकीत तो कोणीतरी मांडणारच, म्हणून हे सुरुवातीलाच लिहिले.

जुन्या सदस्यांचा खरा भर सुरक्षिततेवर असतो. ते म्हणतात, आपल्या गाड्या एकसारख्या वागतात, त्यांचा वेग आणि त्यांचे ब्रेक आपल्याला ठाऊक आहेत, परकी गाडी आली की अंदाज चुकतो. या म्हणण्याचा पहिला भाग आज खरा राहिलेला नाही. पोर्शेच्या ९१४ या गाडीचे उदाहरण घ्या. १९६९ मध्ये ती आली तेव्हा तिचे १.७ लिटरचे इंजिन ८० अश्वशक्तीचे होते आणि वजन सुमारे साडेनऊशे किलो. २०१७ च्या ९११ जीटी२ आरएसची शक्ती ७०० अश्वशक्ती आहे. टायकॅन ही विजेवर चालणारी गाडी २०१९ पासून विकली जाते आणि तिचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. या तिन्ही गाड्यांच्या नाकावर एकच ढालीचे चिन्ह आहे आणि तुमच्या आजच्या नियमानुसार तिन्हींना प्रवेश आहे. आता हिशेब करा. ताशी १४० किलोमीटरने जाणारी ९१४ आणि ताशी २०० किलोमीटरने जाणारी टायकॅन यांच्या गतिज ऊर्जेत जवळजवळ पाच पटींचा फरक पडतो. एवढी ऊर्जा ब्रेकने जिरवायची असते, आणि ब्रेकने नाही जिरली तर ट्रॅकच्या कडेला जे काही असेल ते ती जिरवते. वॉटकिन्स ग्लेनला कडेला निळे पोलादी कठडे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी ते डांबरापासून फार लांब नाहीत. ताशी ६० किलोमीटरचा फरक म्हणजे मागची गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर जवळ येते. पुढचा नवशिका आरशात पाहून, खूण करून, पुन्हा हात चाकावर आणेपर्यंत तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात पन्नास मीटर अंतर संपलेले असते. हा धोका एका कंपनीच्या गाड्यांतही पुरेपूर आहे. तो वजन, वेग आणि चालकाची तयारी यांतून येतो आणि गट पाडून, खुणेचे नियम कडक पाळून आटोक्यात ठेवता येतो.

शिवाय अनेक क्लबांनी हे तत्त्व स्वतःच्या नकळत मान्य केलेले आहे. पोर्शेने २००२ मध्ये कायेन आणली. तेव्हापासून कित्येक ठिकाणी उंच बांध्याच्या एसयूव्हीला ट्रॅकवर घेत नाहीत किंवा वेगळ्या अटींवर घेतात, कारण तिचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि ती कलंडण्याचा धोका अधिक असतो. आपल्याच कंपनीची गाडी आपण पदार्थविज्ञानाकडे पाहून बाहेर ठेवतो, मग त्याच पदार्थविज्ञानाच्या कसोटीला उतरणारी दुसऱ्या कंपनीची गाडी केवळ चिन्हाकडे पाहून बाहेर ठेवणे सुसंगत होत नाही.

एवढे असले तरी जुन्या सदस्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट फार मोलाची आहे, आणि ती ते स्वतः नीट शब्दांत मांडत नाहीत याचे मला वाईट वाटते. एका कंपनीच्या क्लबकडे खरी संपत्ती कोणती, तर त्या गाड्या कुठे आणि कशा बिघडतात याचे पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान. पोर्शेच्या ९४४ या गाडीत लांब वळणावर तेल एका बाजूला सरकते आणि इंजिनातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रॉड बेअरिंगला ते कमी पडते, हे क्लबमधल्या कोणत्याही जुन्या मेकॅनिकला विचारा, तो झोपेतही सांगेल. २००० च्या दशकातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ यांच्या इंजिनात कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, नळ्यांचे काही जोड चिकटद्रव्याने बसवलेले आहेत. वय आणि उष्णता यांनी ते सुटू शकतात. तसा जोड वेगात सुटला की सगळे कूलंट स्वतःच्याच मागच्या टायरखाली सांडते, आणि त्यात ग्लायकोल असल्यामुळे डांबर बर्फासारखे निसरडे होते. ते पुसून काढेपर्यंत सगळ्यांचाच दिवस वाया जातो. म्हणून जाणते मालक ते जोड वेल्ड करून किंवा पिन घालून घेतात आणि जाणता तपासनीस पहिला प्रश्न तोच विचारतो. बीएमडब्ल्यूच्या क्लबमध्ये ई४६ या पिढीची थ्री-सिरीज तपासणीला आली की अनुभवी माणूस गाडीखाली शिरून मागची चाके धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या (सबफ्रेमच्या) जोडापाशी पत्र्याला तडे गेले आहेत का ते पाहतो. छापील तपासणी यादीत यातले बहुधा काहीच नसते. यादीत चाकाचे बेअरिंग ढिले नाही ना, ब्रेकचे पॅड पुरेसे जाड आहेत ना, टायरला चिरा नाहीत ना, बॅटरी घट्ट बसवली आहे ना, एवढेच असते. ती सगळ्या गाड्यांना लागू पडते, पण ज्या बिघाडाने अपघात होतो तो पुष्कळदा यादीबाहेरचा असतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. तपासणीचे काम हाती घेऊन मला दुसरेच वर्ष होते. आमच्या क्लबने जागा भरण्यासाठी नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात दार उघडले आणि वेगळ्या कंपनीची एक ताकदवान कूपे आली. मालक सभ्य होता, गाडी स्वच्छ होती, यादीतल्या प्रत्येक ओळीवर मी खूण केली आणि काचेवर स्टिकर लावला. दुपारच्या दुसऱ्या फेरीत पॉवर स्टिअरिंगचे तेल उकळून टाकीबाहेर आले, पुढच्या चाकावर गेले, आणि वळणात शिरताना गाडी सरळ खडीत गेली. कोणालाही इजा झाली नाही. संध्याकाळी त्या प्रकारच्या गाड्या ट्रॅकवर चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, हे तर आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पहिली गोष्ट आम्ही तेलाचा कूलर बसवतो आणि टाकीत तेल जरा कमी ठेवतो. माझ्या नऊ वर्षांत मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य तेच. जे ज्ञान एका फोनवर मिळत होते ते मी आदल्या दिवशी मागितले नव्हते.

त्या प्रसंगानंतर मी कार्यकारिणीपुढे एक नियम ठेवला, आणि तुम्हीही तो ठेवावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे: ज्या प्रकारच्या गाडीला प्रवेश द्यायचा, ती ट्रॅकवर चालवण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला निदान एक माणूस तपासणीच्या मंडळात असला पाहिजे. तो क्लबचा सदस्य नसला तरी चालेल. दुसऱ्या क्लबमधून त्याला बोलावता येते, आणि त्यांच्या कार्यक्रमाला आपला माणूस पाठवून परतफेडही करता येते. प्रत्येक गाडीसाठी अर्ध्या पानाचे टिपण तयार करावे, त्यात यादीबाहेरचे चार-पाच नेहमीचे बिघाड लिहावेत आणि दरवर्षी ते सुधारावे. टिपण नाही त्या गाडीला त्या वर्षी प्रवेश नाही. असे केल्याने क्लबचे ज्ञान पातळ न होता वाढत जाते आणि जुन्या सदस्यांची खरी भीती दूर होते.

ब्रेक फ्लुइडबद्दल, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणाऱ्या द्रवाबद्दल, वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण बाहेरून येणारा मालक इथे सर्वांत जास्त चुकतो. डॉट ४ दर्जाच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तोच द्रव हवेतला ओलावा शोषून जुना झाला की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला याने काही होत नाही, पण ट्रॅकला सलग चौथी-पाचवी चक्कर मारताना द्रव उकळतो, वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा पेडल जमिनीला टेकतो. क्लबच्या सदस्यांना हे अनेक वर्षे कानीकपाळी ओरडून सांगितलेले असते आणि ते सहा महिन्यांच्या आतला बदलल्याचा कागद घेऊन येतात. बाहेरच्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते. त्याला सहा आठवडे आधी पत्र पाठवावे. आदल्या रात्री पाठवलेला निरोप उपयोगाचा नसतो.

आता इन्स्ट्रक्टरांविषयी. प्रवेशाला विरोध करणारे बहुतेक क्लब एक गोष्ट सोयीने विसरतात: त्यांच्या इन्स्ट्रक्टरांच्या ताफ्यात इतर कंपन्यांच्या गाड्या आधीपासूनच असतात. चांगला इन्स्ट्रक्टर मिळणे कठीण आहे, तो शेजारच्या क्लबमधून येतो, शिकवण्याच्या बदल्यात त्याला स्वतःच्या गटात स्वतःची गाडी चालवायला मिळते, आणि ती गाडी कोणत्या कंपनीची आहे हे कोणी विचारत नाही. जो नियम शिक्षकाला नाही तो विद्यार्थ्याला का, याचे सरळ उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. पण याच ठिकाणी एक अडचणही आहे. नवशिक्या प्रत्येक चालकाला एक इन्स्ट्रक्टर लागतो, म्हणजे जागांची खरी मर्यादा ट्रॅकवर नसून इन्स्ट्रक्टरांच्या यादीत असते. बाहेरचा अनुभवी, एकट्याने चालवण्याची परवानगी मिळालेला चालक आला तर तो इन्स्ट्रक्टर वापरत नाही. बाहेरचा नवशिका आला तर तो एका सदस्याच्या वाट्याचा इन्स्ट्रक्टर घेऊ शकतो. तुमच्या रिकाम्या जागा कोणत्या गटात आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही. त्या वरच्या गटांत असतील तर निर्णय सोपा आहे. त्या नवशिक्यांच्या गटात असतील तर आधी इन्स्ट्रक्टर मोजा.

इन्स्ट्रक्टरला ती गाडी समजली पाहिजे हेही खरे, पण त्याचा अर्थ त्याने ती चालवलेली असलीच पाहिजे असा होत नाही. इंजिन मागे आहे की पुढे, चाक कोणते ओढते, स्थिरता राखणारी यंत्रणा कुठल्या बटणाने पूर्ण बंद होते आणि कुठल्याने अर्धवट, विजेवरची गाडी पाय उचलताच किती मंदावते, एवढे त्याला फेरीपूर्वी दहा मिनिटांत समजून घेता येते. सीटच्या बाबतीत मात्र तडजोड नको. चालकाला सहा पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे सीटला घट्ट बांधणारा शर्यतीच्या गाडीसारखा पट्टा, असेल तर इन्स्ट्रक्टरलाही तसाच पाहिजे. एकाला कारखान्याचा पट्टा आणि दुसऱ्याला हार्नेस, अशी गाडी कोणत्याही कंपनीची असो, परत पाठवावी. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी आयात करता येते, त्यामुळे जपानमधून आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या हल्ली ट्रॅकवर दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या आपल्यासारख्यांना त्या घरच्या वाटतात, पण इथे सगळ्यांचे डोळे पॉइंट-बायसाठी डाव्या खिडकीकडे लागलेले असतात आणि त्या गाडीत डाव्या बाजूला चालकाऐवजी इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. खूण कोणी करायची आणि ती कशी असेल हे सकाळच्या सभेत सर्व गटांना सांगितल्याशिवाय अशी गाडी सोडू नये.

इतर गाड्यांना घेण्याचे जे कारण मला मनापासून पटते ते शिकवण्याशी निगडित आहे, आणि त्याची चर्चा तुमच्या बैठकीत झालेली दिसत नाही. आजची साधी ९११ सुद्धा नवशिक्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक शक्तिमान आहे. वळणात तो उशिरा वळला, चुकीच्या जागी वेग घालवला, तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर इंजिन ती चूक भरून काढते आणि त्याला आपण चुकलो हे कळतही नाही. उलट माझदाची एमएक्स-५ घ्या. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या त्या गाडीचे वजन हजार किलोच्या आत-बाहेर होते आणि अश्वशक्ती सव्वाशेहूनही कमी. तिच्यात एका वळणावर घालवलेला वेग पुढच्या वळणापर्यंत परत मिळत नाही, म्हणून चालक वेग जपायला शिकतो, आणि वेग जपणे म्हणजेच नजर लांब ठेवणे, ब्रेकवरून पाय हळुवार उचलणे, चाक एकदाच आणि शांतपणे वळवणे. मी शिकवलेल्या ज्या चालकांचे हात आज सर्वांत शांत आहेत त्यांपैकी पुष्कळांनी सुरुवात अशा हलक्या गाडीत केली होती. तुमच्या सदस्यांच्या घरी दुसरी गाडी असते, मोठी होणारी मुले असतात, पती किंवा पत्नी असते. आपल्या महागड्या गाडीत त्यांना बसवायला सदस्य कचरतात, आणि दारात उभ्या असलेल्या हलक्या गाडीत त्यांना शिकता येत नाही, कारण नियम आड येतो. क्लबची पुढची पिढी या नियमामुळे शेजारच्या संस्थेकडे जाते. अशा संस्था भरपूर आहेत: स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (एससीसीए) १९४४ पासून आहे आणि ती गाडीची कंपनी पाहत नाही.

शिकवणे हा हेतू असेल तर कंपनीचा प्रश्न किती मागे पडतो याचा उत्तम पुरावा बीएमडब्ल्यूच्या क्लबने दिलेला आहे. त्यांच्या फाउंडेशनने २००२ पासून किशोरवयीन चालकांसाठी स्ट्रीट सर्व्हायव्हल ही शाळा चालवली. ती मोठ्या वाहनतळासारख्या मोकळ्या जागेत भरते; मुले घरची गाडी घेऊन येतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो, आणि त्याच गाडीत आणीबाणीचा ब्रेक, ओल्या डांबरावरची घसरण आणि अचानक समोर आलेला अडथळा चुकवणे शिकतात. ज्या गाडीत मूल रोज शाळेला जाणार तीच गाडी त्याला ओळखीची झाली पाहिजे, हे त्यामागचे साधे कारण. इतर क्लबांनीही, त्यात पोर्शेच्या क्लबचे विभागही आहेत, ही शाळा भरवलेली आहे. म्हणजे तुमच्या विभागातल्या ज्येष्ठांना हे तत्त्व परके नाही.

क्लबची ओळख पुसली जाईल या भीतीबद्दल मला आदर आहे. बिल शोलर यांनी १९५५ मध्ये पोर्शे क्लब ऑफ अमेरिका सुरू केला तेव्हा अमेरिकेत या गाड्या थोड्या होत्या, सुटे भाग आणि माहिती मिळणे अवघड होते, आणि रस्त्यात दुसरी पोर्शे दिसली की चालक एकमेकांना दिवे दाखवत. त्या एकाकीपणातून हा क्लब जन्मला. आज त्याचे सदस्य एक लाखाहून अधिक आहेत. पण आपले कोण आणि परके कोण याची रेषा या क्लबच्या आतही अनेकदा सरकलेली आहे. ९१४ ही फोक्सवॅगनच्या भागीदारीतून झाली म्हणून तिला नाके मुरडली गेली. १९७६ ची ९२४ पुढच्या बाजूला बसवलेले, पाण्याने थंड होणारे इंजिन घेऊन आली तेव्हा तिलाही खरी पोर्शे मानायला पुष्कळांनी नकार दिला. आज त्याच गाड्या संमेलनात प्रेमाने पाहिल्या जातात. बीएमडब्ल्यूच्या क्लबमध्ये तर सदस्य होण्यासाठी बीएमडब्ल्यू असावीच लागत नाही, आणि १९६९ पासून चालत आलेल्या त्या क्लबची ओळख काही पुसट झालेली मला दिसत नाही. जिथे गाडी हाच उत्सवाचा विषय आहे, म्हणजे १९५६ पासून भरणारी पोर्शे परेड, सजवलेल्या गाड्यांचे प्रदर्शन, सहली, तिथे दार एका कंपनीपुरते ठेवणे मला पूर्ण योग्य वाटते. ट्रॅकवर विषय चालक हा आहे.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. ट्रॅकचे भाडे, रुग्णवाहिका, वळणांवरचे झेंडेवाले, विमा हा खर्च चालक किती आले यावर फारसा अवलंबून नसतो. समजा दोन दिवसांचा एकूण खर्च ३०,००० डॉलर आहे आणि शुल्क ५०० डॉलर. साठ चालक आले तर जमाखर्च जुळतो, बावन्न आले तर ४,००० डॉलरची खोट येते. या आठ जागांसाठी आयत्या वेळी दार उघडायचे आणि पुढच्या वर्षी जागा भरल्या की बंद करायचे, असे केले तर आलेल्या माणसाला आपण गल्ला भरण्यापुरते हवे होतो हे कळते, आणि घाईत तपासणीही कच्ची होते. माझी स्वतःची चूक अशाच घाईच्या आठवड्यात झाली होती. शिवाय कराचा प्रश्न आहे. तुमचा विभाग अमेरिकेच्या करकायद्यातल्या ५०१(सी)(७) कलमाखाली सामाजिक क्लब म्हणून नोंदलेला असेल, तर स्थूलमानाने सदस्यांखेरीज बाहेरून येणारे उत्पन्न, गुंतवणुकीवरचे धरून, एकूण जमेच्या ३५ टक्क्यांच्या आत राहावे लागते, आणि क्लबच्या सोयी व सेवा बाहेरच्यांना वापरू देऊन मिळणारे १५ टक्क्यांच्या आत. कोषाध्यक्षांनी हिशेबनिसाकडून हे आधी तपासून घ्यावे. विम्याच्या कागदातही कोणाला संरक्षण आहे, सदस्यांना की नोंदणी केलेल्या सर्वांना, हे शब्दशः वाचावे. तोंडी आश्वासनावर राहू नये.

या सगळ्यावरून मी सुचवतो ती रचना अशी. दार वर्षभरासाठी, हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरवून उघडावे. नोंदणीचे पहिले चार आठवडे पोर्शे मालक सदस्यांसाठी राखून ठेवावेत, त्यानंतर सदस्यांच्या कुटुंबातल्या इतर गाड्यांना, आणि मग सदस्यांनी ओळख पटवून दिलेल्या बाहेरच्या चालकांना संधी द्यावी. नोंदीतल्या अनुभवावर भिस्त ठेवू नये. अनेक वर्षे दुसऱ्या क्लबमध्ये वरच्या गटात असल्याचे सांगणाऱ्याबरोबरही पहिल्या फेरीला आपला इन्स्ट्रक्टर बसवावा. एका गटात इतर गाड्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. हा आकडा मी अनुभवाने धरला आहे, त्याहून पुढे गेले की तपासनीसांना प्रत्येक गाडीसाठी पुरेसा वेळ देता येत नाही. पहिल्याच वर्षी वॉटकिन्स ग्लेनसारखा ३.४ मैलांचा वेगवान ट्रॅक निवडू नये. लाइम रॉकचा दीड मैलांचा ट्रॅक किंवा समिट पॉइंट अशी जागा घ्यावी, जिथे सरळ पट्ट्यावरचा वेगातला फरक कमी राहतो. म्हणजे यंदाच्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहतील आणि विभागाला खोट सोसावी लागेल. ती सोसावी असेच मला वाटते.

विजेवरच्या गाड्यांचा निर्णय मात्र या प्रश्नात मिसळू नका. पेटलेली बॅटरी विझल्यासारखी वाटून काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते, ती थंड करायला खूप पाणी लागते, आणि ट्रॅकवरच्या अग्निशमन पथकाची तशी तयारी आहे की नाही हे ट्रॅकच्या व्यवस्थापनालाच विचारावे लागते. ते उत्तर टायकॅनला जे लागू होईल तेच इतर कोणत्याही विजेवरच्या गाडीला लागू होईल.

शेवटची सूचना एका वहीची आहे. वळणावरच्या माणसांनी चालकाला आत बोलावणारा काळा झेंडा दाखवला, कोणी ट्रॅक सोडून गवतात गेला, कोणाची गाडी गरगरली, कोणी तेल सांडले, की त्याची नोंद कुठेतरी होतेच, पण ती दिवसअखेर टाकून दिली जाते. ती एका वहीत उतरवावी आणि प्रत्येक नोंदीपुढे गाडीची कंपनी, तिचे वजन, चालकाचा गट, दिवसातली कितवी फेरी आणि ट्रॅक ओला होता की कोरडा एवढे लिहावे. दोन हंगामांनंतर कार्यकारिणीच्या टेबलावर ती वही ठेवा आणि दोन्ही तटांतल्या प्रत्येकाला ती शेवटपर्यंत वाचायला सांगा. माझ्याकडच्या नऊ वर्षांच्या अशा वहीत सर्वाधिक नोंदी दुपारच्या शेवटच्या फेरीतल्या, थकलेल्या चालकांच्या आहेत. तुमच्या वहीत काय दिसते ते मला जरूर कळवा.